‘ही भाजी कुठून आणता हो?’ : सेंद्रिय भाजीची पिशवी गिऱ्हाइकांच्या सांगण्यातून कशी वाढवायची

सोलापुरात आठवड्याची सेंद्रिय भाजी घरपोच द्यायला सुरुवात केली की पहिली दहा घरं नात्यागोत्यातून मिळतात. अकरावं घर मिळतं ते जुळे सोलापुरातल्या कुणा काकूंनी अपार्टमेंटच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेल्या फोटोमुळे. फोटोत कोवळी मेथी असते, खाली कुणीतरी विचारतं, “ही भाजी कुठून आणता हो?” आणि उत्तरात तुमचा नंबर जातो. असं सांगणं विकत मिळत नाही. ते व्हावं म्हणून शेतकऱ्याला मात्र बरंच काही करता येतं. दक्षिण सोलापुरातल्या आमच्या दीड एकरावर आम्ही जे शिकलो, काही चुकांची किंमत मोजून, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

पद्धत थोडक्यात अशी. गिऱ्हाईक महिन्याचे किंवा हंगामाचे पैसे आधी देतं आणि शेतकरी दर आठवड्याला जे निघेल ते सगळ्या घरांत वाटून देतो. पीक चांगलं आलं तर पिशवी जड, मार्चमध्ये गारपीट झाली तर हलकी. जपानमध्ये १९७०च्या दशकात ही रीत ‘तेइकेइ’ या नावाने रुजली, अमेरिकेत १९८६ साली दोन शेतांवर सुरू झाली. आपल्याकडे २०१६ साली फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढल्यापासून शेतकऱ्याने थेट घरी भाजी देण्यात बाजार समितीची आडकाठी उरलेली नाही.

आधी मे महिना मोजा

“आमचं नाव चार जणांना सांगा” असं म्हणण्याआधी वहीत एक हिशोब मांडा. एप्रिल-मे महिन्यांत तुमच्या विहिरीच्या, बोअरच्या पाण्यावर किती पिशव्या भरतील?

डिसेंबरातला हिशोब फसवतो. थंडीत मेथी, पालक, चुका, फ्लॉवर, गाजर, घेवडा, टोमॅटो सगळं एकदम येतं आणि ऐंशी घरं सहज सांभाळू असं वाटायला लागतं. मग पारा चाळिशी ओलांडतो, पालेभाजी वाफ्यातच करपते, बोअर तासाभरात गचके देतो. चार माणसांच्या घराला आठवड्याला पाच किलो धरले तर चाळीस घरांना २०० किलो भाजी लागते. मे महिन्यात गवार, भेंडी, दोडका, काकडी आणि शेडनेटखालची कोथिंबीर मिळून १२० किलोच निघणार असेल, तर तुमची मर्यादा चोवीस घरांची आहे. थंडीतला जादा माल आठवडी बाजारात न्या, किंवा ‘या आठवड्यापुरती सुटी पिशवी’ म्हणून वेगळा विका. वर्षाचा शब्द चोवीस घरांनाच द्या.

आम्ही पहिल्या वर्षी हे केलं नाही. जानेवारीत घरं वाढवली, एप्रिलमध्ये पिशवी तीन किलोवर आली, आणि असं होऊ शकतं हे कुणाला आधी सांगितलेलं नव्हतं. एका सोसायटीच्या ग्रुपवर एका ताईंनी लिहिलं, “सुरुवातीला भरपूर देतात, पैसे घेतले की हात आखडतात.” त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. त्या सोसायटीतल्या सात घरांपैकी पाच घरं महिन्याभरात गेली. ज्या ग्रुपवर आमचं कौतुक झालं होतं त्याच ग्रुपवर, तितक्याच वेगाने. तेव्हापासून पैसे घेण्याआधी पाठवायच्या मेसेजमध्ये एक ओळ असतेच: “उन्हाळ्यात पिशवी साडेतीन किलोपर्यंत उतरते, थंडीत सहा किलोपर्यंत जाते. गारपीट किंवा पाणी संपलं तर दोघांनी मिळून सोसायचं.” ही ओळ वाचून काही जण मागे फिरतात. त्यांना फिरू द्या.

तुमचं वाक्य तुम्हीच घडवा

तुमच्याबद्दलची माहिती तोंडातून तोंडात जाताना बदलते, आणि बदलते ती बहुतेक वेळा प्रेमापोटी. तुम्ही म्हणता, “आम्ही रासायनिक खत-औषध वापरत नाही.” पहिल्या ताई म्हणतात, “सेंद्रिय भाजी आहे.” त्यांची नणंद म्हणते, “सर्टिफाइड आहे.” तिसऱ्या ग्रुपवर पोचेपर्यंत ती “लॅबमध्ये तपासलेली, शुगरवाल्यांना एकदम चांगली” झालेली असते. मग कुणी तुमच्याकडे प्रमाणपत्र मागतं आणि तुम्ही खोटे ठरता, न बोललेल्या शब्दासाठी.

यावर उपाय एकच सापडला. सहज पाठ होईल असं छोटं, खरं वाक्य तयार करायचं आणि प्रत्येक पिशवीवर, प्रत्येक मेसेजच्या शेवटी, स्टेटसवर तेच वापरायचं. आमचं वाक्य असं होतं: “तीन वर्षांपासून शेतात रासायनिक खत नाही, रासायनिक औषध नाही. प्रमाणपत्र अजून घेतलेलं नाही. रविवारी शेतावर या आणि बघा.” मधलं वाक्य गाळायचा मोह होतो. गाळू नका. लोक पुढे सांगताना तेच सांगतात, “प्रमाणपत्र नाही म्हणून स्वतःच सांगतात बरं का,” आणि ऐकणाऱ्याचा विश्वास तिथे बसतो.

प्रमाणपत्राचं गणित समजून घ्या, कारण गिऱ्हाईक विचारणारच. भारतात दोन मुख्य वाटा आहेत. एनपीओपी (केंद्राचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) ही त्रयस्थ संस्थेकडून तपासणीची वाट, निर्यात करणाऱ्यांना ती लागतेच. दुसरी पीजीएस-इंडिया. यात शेजारपाजारचे किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात. रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याच्या, म्हणजे रूपांतराच्या काळात ‘ग्रीन’ आणि तो पूर्ण झाल्यावर ‘ऑरगॅनिक’ असा दर्जा मिळतो. लहान भाजीवाल्या शेतकऱ्याला ही दुसरी वाट परवडते. तालुका कृषी कार्यालयात ‘आत्मा’च्या (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेच्या) माणसाला गाठून चौकशी करा. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७च्या सेंद्रिय अन्न नियमांत थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट आहे. पण प्रमाणपत्र नसताना ‘जैविक भारत’ हे प्रमाणित सेंद्रिय अन्नाचं सरकारी चिन्ह पिशवीवर छापता येत नाही. एखाद्या उत्साही गिऱ्हाइकाने तुमच्यासाठी पोस्टर बनवून त्यावर ते चिन्ह टाकलं, तर त्यांना त्याच दिवशी फोन करून ते काढायला सांगा.

सोलापुरात आणखी एक गोष्ट आहे. आजूबाजूला द्राक्ष नाही तर डाळिंब असतं आणि तिथे ब्लोअरने फवारणी चालते. वारा आपल्याकडे असेल तर तुषार बांध ओलांडतात. बांधाला मका किंवा शेवरीच्या दाट ओळी लावा, बांधाजवळचे दोन सरे पिशवीसाठी तोडू नका, आणि हे सगळं गिऱ्हाइकाला स्वतःहून सांगा. ‘शेजारी फवारतो, मग तुमचं सेंद्रिय कसं?’ हा प्रश्न ग्रुपवर कधीतरी येतोच. तेव्हा तुमच्या आधी एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाने उत्तर दिलं तर त्याचं वजन वेगळं पडतं.

ग्रुप दोन ठेवा

एकाच ग्रुपवर ऑर्डर, पैसे, पाककृती, गुड मॉर्निंग आणि तक्रारी आल्या की लोक तो ग्रुप म्यूट करतात. म्यूट झालेल्या ग्रुपवरून कुणी काही पुढे पाठवत नाही.

पहिला ग्रुप फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल असा: या आठवड्याची भाजी, वजन, गाडी कुठल्या भागात किती वाजता. दुसरा ग्रुप गिऱ्हाइकांचा. तिथे तुम्ही कमी बोला. कुणी “चाकवताचं काय करायचं?” असं विचारलं की उत्तर टाइप करायला धावू नका, दहा मिनिटं थांबा. कुणीतरी आजी ताकातल्या चाकवताची रीत सांगते, दुसरी तिला दुरुस्त करते, आणि त्या संध्याकाळी चार घरांत चाकवत शिजतो. गिऱ्हाइकांनी एकमेकांना सांगणं खरं तर इथून सुरू होतं. बाहेरच्यांना सांगणं नंतर येतं.

ग्रुपमध्ये घेतल्यावर सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात हे विसरू नका. बऱ्याच बायकांना ते नको असतं. विचारून मगच घ्या. ज्यांना नको त्यांच्यासाठी ब्रॉडकास्ट लिस्ट आहे. तिच्यात एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात, पण तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो. म्हणून पहिल्या पिशवीसोबतच “नंबर सेव्ह करून ठेवा” अशी चिठ्ठी द्या.

पिशवीत सांगण्यासारखं काहीतरी घाला

सगळ्यात जास्त वेळ मी यावर घालवला आणि घालवलेला प्रत्येक तास कामी आला. ‘भाजी ताजी आहे, छान आहे’ हे माणूस एकदा सांगतो. पुन्हा पुन्हा सांगितली जाते ती गोष्ट.

पूर्व भागातल्या एका तेलुगू घरात आम्ही सहज म्हणून अंबाडीची जुडी दिली. त्यांच्या घरातल्या आजींनी ‘पुंटीकूर’ म्हणून ती ओळखली, लाल देठाची आहे म्हणून खूश झाल्या आणि चटणी करून शेजारी वाटली. त्या वाटीबरोबर आमचा नंबर गेला. पंधरा दिवसांत त्या गल्लीतून नऊ फोन आले, सगळे अंबाडीसाठी. सोलापूर मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी असं चार भाषांत जेवणारं शहर आहे. प्रत्येक घराला एखादी भाजी आपली वाटते आणि मंडईत ती कोवळी मिळत नाही. ती कोणती ते विचारा. त्याचे दोन वाफे लावा. टाइप केलेला मेसेज न वाचणाऱ्या आजींसाठी त्यांच्या भाषेत अर्ध्या मिनिटाचा आवाजी निरोप पाठवा. आपल्याला ती भाषा येत नसेल तर एखाद्या गिऱ्हाइकालाच बोलायला सांगा. त्या आनंदाने बोलतात, आणि तो निरोप पुढे जातो.

चिठ्ठीचंही तसंच. छापील पत्रक कुणी वाचत नाही. हाताने लिहून झेरॉक्स काढलेल्या चार ओळी लोक फ्रिजवर लावतात: “या आठवड्यात वांगी कमी, कारण शेंडा पोखरणारी अळी आली होती. कामगंध सापळे लावलेत, निंबोळी अर्क फवारलाय. पुढच्या आठवड्यात बरी येतील. करडईची कोवळी भाजी दिली आहे, लसणाची फोडणी आणि शेंगदाण्याचं कूट घालून बघा.” अशा चिठ्ठीचा फोटो ग्रुपवर फिरतो, कारण तो पाहून माणसाला शेत डोळ्यांसमोर दिसतं.

घरातल्या सवयींचा विचार केला की तोही बोलला जातो. चातुर्मासात बऱ्याच घरांत कांदा, लसूण, वांगी चालत नाहीत. आषाढी एकादशीच्या आधी प्रत्येक घराला विचारून त्या पिशवीत वांग्याऐवजी दोडका किंवा घोसाळी घाला. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हेही लक्षात घ्या. ज्या दिवशी पाणी नसतं त्या दिवशी मातीने भरलेली पालक घरात आली की बाई वैतागते, आणि ते बरोबरच आहे. कोणत्या भागाला पाणी कधी येतं ते वहीत लिहून आम्ही पालेभाजीची गाडी त्या दिवशी सोडायला लागलो. जमलं नाही तर जुड्या शेतावरच धुऊन, निथळून देतो. “यांना आमच्या पाण्याचा दिवस माहीत आहे,” हे एका गिऱ्हाइकाचं बोलणं मी पुढे तीन अनोळखी माणसांकडून ऐकलं.

कुणाला आणि कधी विचारायचं

नव्या गिऱ्हाइकाला पहिल्या आठवड्यात “ओळखीच्यांना सांगा” म्हणू नका. चार पिशव्या होऊ द्या. पाचव्या आठवड्याला, कुणी आपणहून कौतुक केलं त्याच दिवशी, त्याच बोलण्यात विचारा. आमचा मेसेज असा असतो:

“ताई, गवार आवडली हे ऐकून बरं वाटलं. जुलैपासून तुमच्या भागात तीन घरं घेता येतील. तुमच्या ओळखीत कुणाला रोजचं घरचं जेवण करायला वेळ असेल आणि आठवड्याला जे येईल ते शिजवायची तयारी असेल, तर हा नंबर द्या. जो अनुभव आला तोच सांगा, उन्हाळ्यात पिशवी हलकी होते हेही सांगा.”

यात आकडा आहे, भाग आहे आणि कोणतं घर टिकेल हेही आहे. ‘सगळ्यांना फॉरवर्ड करा’ असा मेसेज कधीच लिहू नका. खूप फिरलेल्या मेसेजवर व्हॉट्सअ‍ॅप तसा शिक्का मारतं आणि लोक तो न उघडता पुढे जातात. एका माणसाने एका माणसाला स्वतःच्या शब्दांत लिहिलेली ओळ मोलाची असते.

बक्षिसाबद्दल माझं मत ठाम आहे: सांगण्याबद्दल पैसे किंवा सूट देऊ नये. ‘एक घर आणा, शंभर रुपये सूट’ अशी योजना आम्हीही सुचवून पाहिली होती. एका काकांनी सरळ सांगितलं, “मग मी सांगेन तेव्हा समोरचा म्हणेल, याला कमिशन आहे.” योजना तिथेच थांबवली. नवं घर जोडलं की जुन्या घराला नंतर, न सांगता, पिशवीत मूठभर कढीपत्ता किंवा हुरड्याची चार कणसं जातात.

गुगलवरचा शेरा

पूर्व भागातल्या आजी गुगल बघत नाहीत, पण पुण्याहून सोलापुरात बदलून आलेलं कुटुंब तेच बघतं. बिझनेस प्रोफाइल फुकट बनतं. घरपोच सेवा म्हणून नोंद केली तर घरचा पत्ता लपवता येतो आणि भाग तेवढे दाखवता येतात. दोन-तीन जुन्या गिऱ्हाइकांना लिंक पाठवा आणि काय लिहायचं ते सांगू नका. शेऱ्याच्या बदल्यात सूट किंवा भेट देणं गुगलच्या नियमांत बसत नाही. ऑनलाइन शेऱ्यांसाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली काढलेलं आयएस १९००० हे मानकही विकत घेतलेल्या शेऱ्यांच्या विरोधातच आहे. पुतण्या-भाचीकडून पाच-पाच तारे मारून घेणं सोपं आहे आणि लगेच ओळखू येतं.

वाईट शब्द आला तर

येणारच. फ्लॉवरच्या गड्ड्यात हिरवी अळी निघते, बाई फोटो काढते आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकते. त्या ग्रुपवर तुम्ही नसताच. कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवतं.

पहिला तास महत्त्वाचा. ज्यांनी तक्रार केली त्यांना फोन करा, मेसेज नको. ऐकून घ्या, गड्डा बदलून द्या किंवा पैसे परत करा. मग त्यांनाच विचारून एक उत्तर त्या ग्रुपवर टाकायला द्या: “अळी आमच्याच फ्लॉवरमधली. फुलोऱ्याच्या आत राहिली, तोडताना दिसली नाही. ज्यांच्याकडे या आठवड्याचा फ्लॉवर गेला आहे त्यांनी तुरे सुटे करून मिठाच्या कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवावेत. नको असेल तर पुढच्या पिशवीत बदलून देतो.” त्याच वेळी बाकी सगळ्या घरांनाही हे स्वतःहून कळवा, ज्यांना अळी दिसली नाही त्यांनासुद्धा.

‘अळी आहे म्हणजेच सेंद्रिय आहे’ असं उत्तर बरेच जण देतात. ते खरं नाही. फवारलेल्या पिकातही अळी निघते आणि नीट राखलेल्या सेंद्रिय पिकात ती कमी असते. शिवाय ज्या बाईला किळस आली तिला आपण शिकवायला गेलो असं होतं. तुमच्या बाजूने जुनी गिऱ्हाइकं तक्रार करणारीवर तुटून पडली तर त्यांनाही हळूच थांबवा. एका घराला चारचौघांत गप्प केलं की बाकीची घरं पुढची तक्रार तुम्हाला सांगत नाहीत, परस्पर पिशवी बंद करतात.

अफवेचं उत्तर वेगळं. “बाजारातून आणून सेंद्रिय म्हणून विकतात,” असं कुणी लिहिलं तर शब्दांनी काही होत नाही. त्या आठवड्याचे तोडणीचे फोटो, त्याच सकाळचे, त्याच वाफ्याचे, दाखवा आणि लिहिणाऱ्यालाच शेतावर बोलवा. कधी भाजी कमी पडली म्हणून दुसऱ्या शेतकऱ्याकडून घेतली असेल तर पिशवीवर तसं लिहिलेलं असायलाच हवं. ते लपवलं आणि बाहेर आलं, तर त्यातून सावरलेला शेतकरी मी पाहिलेला नाही. लॅबची तपासणी केली असेल तर अहवालाची सगळी पानं द्या, तारीख आणि कोणत्या भाजीचा नमुना ते दिसेल अशी.

वर्षातून एकदा तरी पाय शेताला लागू द्या

आमच्या भागात मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला शेतात जेवायची रीत आहेच. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील. त्या दिवशी आम्ही गिऱ्हाइकांना बोलावतो. भज्जीत पडणारा चुका, मेथी, सोलाणे त्यांच्याच हातांनी तोडून घेतो. जीवामृताची टाकी उघडून दाखवतो: २०० लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, बांधावरची मूठभर माती. वास येतो, मुलं नाक धरतात आणि तेच घरी जाऊन सांगतात. त्या संध्याकाळी स्टेटसवर जेवढे फोटो पडतात तेवढे वर्षभरात पडत नाहीत. दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे तुमच्या पानावर टाकण्याआधी आईवडिलांना विचारा, आणि विहिरीला कठडा नसेल तर त्या दिवसापुरता तरी दोर बांधून माणूस उभा करा.

वही

प्रत्येक नव्या फोनला एक प्रश्न: “आमच्याबद्दल कुणाकडून कळलं?” उत्तर नाव-भागासह वहीत. सहा महिन्यांनी वही चाळली तेव्हा दिसलं की निम्म्याहून जास्त घरं तीनच बायकांमुळे आली होती: एक शिक्षिका, एक पूर्व भागातल्या आजी, एक बाळंतपणानंतर घरी असलेली ताई. त्यांपैकी कुणीही कधी फेसबुकवर काही लिहिलं नव्हतं. कुठे वेळ घालवायचा ते त्या पानाने ठरवलं. पिशवी बंद करणाऱ्यांचंही एक पान ठेवा, कारण विचारून लिहा. ‘खूप पालेभाजी, निवडायला वेळ नाही’ हे कारण आमच्या पानावर सहा वेळा आलं. आता पालेभाजीची एकच जुडी हवी की दोन, हे सुरुवातीला विचारतो.

घरं मर्यादेला पोचली की विचारणाऱ्याला ‘नाही’ न म्हणता यादीत लिहा आणि क्रमांक सांगा. ओळखीचा आहे म्हणून मधे कुणाला घुसवू नका, यादीतली माणसंही एकमेकांच्या ग्रुपवर असतात. आमच्याकडे पावसाचा खरा भरवसा सप्टेंबरचा. विहिरीचं पाणी वर आलं, मेथीचे वाफे टाकले की मी यादी काढतो आणि पहिल्या नंबरला फोन लावतो. “नमस्कार, एप्रिलमध्ये तुम्ही नाव दिलं होतं. अजून पिशवी हवी आहे का?”